रोज दहा हजार पावलं

३ ऑगस्ट
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, पण साखर खाली आल्याशिवाय हात लावणार नाही. महिनाभर रोज चाला. म्हटलं, एवढंच ना! नातीला शब्द दिलाय, नाटकातला तिचा राणीचा झगा आजोबाच शिवणार, नव्या डोळ्याने. जावयाने फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं. उद्यापासून रोज दहा हजार. एकही कमी नाही.

४ ऑगस्ट, सकाळ
जीव जाईस्तोवर चाललो. बँकेपर्यंत जाऊन आलो. फोन म्हणतो नऊशे. साफ खोटं. जावयाचं म्हणणं, फोन पाच-पन्नास इकडेतिकडे करतो, पण नऊ हजार खात नाही. जावई माणूस, त्याच्याशी काय वाद घालणार.

५ ऑगस्ट
पाय दुखतात. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे.

७ ऑगस्ट, संध्याकाळ
दिवसभर दुकानात पडद्यांची मोठी ऑर्डर शिवत होतो. फोन पँटच्या खिशात. आत्ता बघतो तर अकरा हजार! पायमशीनचं पायडल मारलं की फोन पावलं धरतो. आधी वाटलं, बिघडला. मग शांतपणे विचार केला. पाय हलतात, घाम येतो, मग चालणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं? फोन सुधारलाय.

१२ ऑगस्ट
आता रोज बारा-तेरा हजार. बायको म्हणाली, संध्याकाळी माझ्याबरोबर चला, तेवढ्याच गप्पा होतील. म्हटलं, माझा कोटा दुपारीच संपतो. उगाच जास्त चालून अशक्तपणा यायचा. एकटीच गेली.

१९ ऑगस्ट
ॲपने पदक दिलं. चहाबरोबर दोनऐवजी सहा बिस्किटं घेतली. एवढं चालणाऱ्याच्या पोटात काहीतरी नको का? नातीचं माप घेतलं. टेपवरचे आकडे तिनेच वाचून दाखवले.

४ सप्टेंबर
साखर वाढली. लॅबचं मशीन जुनाट वाटलं म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिथे आणखी वाढली. डॉक्टरांसमोर फोन ठेवला. त्यांनी विचारलं, चालता कुठे? म्हटलं, दुकानात. मग त्यांनी फोन खिशात ठेवायला लावला आणि खुर्चीतच बसून पायडल मारून दाखवा म्हणाले. बघता बघता साठ पावलं झाली. बायको शेजारीच होती. ऑपरेशन पुढे ढकललं. घरी आल्यावर तिने बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

९ सप्टेंबर
मुलगी तयार झगा घेऊन आली. नाटक चार दिवसांवर आलंय, ती तरी किती थांबणार. नात म्हणाली, आजोबा, बाही लांब होतेय, तेवढी तुम्ही दुमडून द्या. सुई बायकोने ओवून दिली. टाके तिरके गेले. नातीने झगा तसाच घालून बघितला. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मुकाट्याने बायकोबरोबर निघालो. बँक मागे टाकली, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. दम लागला, पण बसलो नाही. बायको वाटभर बोलत होती. बरं वाटलं. घरी येऊन बघतो तर फोन चार्जिंगला! एवढ्या सगळ्या चालण्याची नोंद शून्य.

बायको जेवणाची पानं घेईपर्यंत फोन खिशात घालून घरच्या मशीनवर बसलो आणि तेवढी पावलं भरून काढली.