गयाबाईंच्या कपाळावरचा ठिपका

२ नोव्हेंबर २००३, नाशिकरोड
आबांच्या डोळ्यांपुढे आता नुसतं धुकं. विहारात लावायचा गयाबाईंच्या चेहऱ्याचा दगड मलाच पुरा करायचा. काळ्या दगडावर टोचणीने उजेड टोचत जायचं, काळोख हवा तिथे हात लावायचा नाही. शाळेत घालण्याआधी आबांनी घरीच शिकवलेलं. टोचलेलं परत काळं होत नाही.
फोटो एकच, मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाआधीचा. तिथे लाठी बसली, त्यातून त्या उठल्याच नाहीत. कपाळावर काळा ठिपका. की फोटोलाच डाग? तेवढी जागा सोडून पुढे गेले.

५ नोव्हें.
विहार समितीचे गुरुजी आले. गयाबाईंच्या हातात पुस्तक पाहिजे म्हणाले.
आबा : "अहो, बाईला अक्षर येत नव्हतं."
"पुस्तक म्हणजे वाचता येतं असं नाही आबा, वाचायला पाहिजे असं!"
आबा हसले. पुस्तक काढतेय. खोटं ना? पण लबाडीही वाटत नाही.
जाताना त्यांना दगडावरचं कपाळ दिसलं. "हे कुंकू बुजव, बेटा. आपल्या विहारात कुंकू?"

९ नोव्हें.
एकलहऱ्याला, सुंदराआत्याकडे. गयाबाईंची लेक. खाटेवर, दम पुरत नाही, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला.
"कुंकू नाय ते. गोंदण हाय. मायच्या मांडीवर बसून मी बोटानं पुसायची, निघायचंच नाय. ती हसायची."
आई गेली तेव्हा केवढ्या होता, विचारलं. विचारायला नको होतं.
"लय बारकी. तोंड नाय ध्यानात गं तिचं. तेवढंच ध्यानात हाय. ते काढून टाकलंस तर ती कोणाची बी बाई."

१२ नोव्हें.
गुरुजींना सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं.
"दगडावर कुंकू काय न् गोंदण काय, दोन्ही काळंच. बघणाऱ्याला कोण सांगत बसणार? धम्म घेतला तेव्हा माझ्या आईनं कुंकू सोडलं. अख्खं गाव विचारायचं, नवरा मेला का गं? बाप शेजारी उभा असायचा. त्या आईची लेकरं या दगडापुढे बसणार आहेत."
आबांना विचारलं तर म्हणतात, हात तुझा आहे.

१७ नोव्हें.
सुं.आत्या गेल्या. दगड दाखवायचा राहिला. घेऊन जाता आला नसता, पण कागदावर छाप काढून नेता आली असती की. सुचलंच नाही.
आता ठिपक्याला साक्षीदार कोणी नाही. एका बारक्या पोरीचं बोट, तेही सत्तर वर्षांपूर्वीचं. त्यावर…

२० नोव्हें.
चेहरा झाला. पुस्तक, पदर, सगळं. तेवढी जागा शिल्लक. सकाळी टेम्पो येणार.
संध्याकाळी गुरुजी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. दगडासमोर उभे राहिले.
"सुंदराआत्याच्या मयताला गेलो होतो. अंघोळ घालून आणली तेव्हा पदर मागे होता. म्हातारीच्या कपाळावर पण होतं गोंदण."
मी टोचणी खाली ठेवली. पुढे काही बोलतील म्हणून.
"ठेव असं म्हणत नाही मी," म्हणाले, आणि चपला घालून गेले.
बुजव असंही म्हणाले नाहीत.