धोका: हात धुवून जेवायला जावे

तीर्थस्वरूप उद्धवमामांना भोसरीहून निरंजनचा नमस्कार. मामींचे गुडघे आता जिना चढू देत असतील. माझी तब्येत ठीक आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही. (फोनच केला असता, पण तुम्ही मध्येच उपदेश सुरू करता.)

तुम्ही लग्नाच्या बोलणीत योगिनीच्या वडिलांना सांगून बसलात की दिवाळीनंतर मी कंपनीत कायम होणार. त्याचं काय झालं ते ऐका. चाकणच्या आमच्या कंपनीत मशिनींची जुनी माहितीपुस्तकं टॅबवर आणायचं काम माझ्याकडे होतं. ते करणारा प्रोग्राम दोन उभ्या रेघा दिसल्या की धोक्याची लाल चौकट उघडतो आणि मिटायची खूण दिसली की मिटतो. पण आपल्या लोकांनी प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ‘|| श्री ||’ लिहिलेलं. प्रोग्रामनं रेघा बघून चौकटी उघडल्या, मिटायची खूण कुठेच नाही, आणि पुढचं अख्खं पुस्तक लाल. ‘धोका: हिरवं बटण दाबा.’ ‘धोका: हात धुवून जेवायला जावे.’ खरा धोका कुठला ते कुणाला कळेना. एकाचं बोट थोडक्यात वाचलं.

माझ्या जोडीच्या अजिंक्यनं (हा आमच्या वरिष्ठ जयमाला मॅडमच्या नात्यातला नाही, वागतो मात्र तसा) सगळे श्रीच पुसून टाकले. झटक्यात काम. दुसऱ्या दिवशी धोंडीबा, आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, टॅब बाजूला ठेवून म्हणाले, “श्री पुसला व्हय? मग आमी मशिनीला हात लावणार न्हाई.” शिफ्ट बसून राहिली. शेवटी मी प्रोग्राम उसवला, कुठली रेघ देवाची आणि कुठली धोक्याची ते त्याला शिकवलं. श्री जागेवर आले, लाल हवं तिथंच राहिलं. पण दुरुस्ती नीट झाली की दिसायला काहीच उरत नाही. मिटिंगमध्ये जयमाला मॅडम म्हणाल्या, अजिंक्यनं चटकन उपाय काढला, निरंजनला दोन रेघांना आठवडा लागला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, त्याची अजून लाज वाटते. मग मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काम पूर्ण झालं, आता करार वाढवायचं कारण नाही. बिघाड तसाच ठेवला असता तर आज नोकरीत असतो. फार राग आलाय, मामा.

तुमचा,
निरंजन

ता. क. रविवारी योगिनीकडचे तुमच्याकडे येणार आहेत. नोकरीचा विषय निघाला तर कृपा करून गप्प राहा, मामींना चहा टाकायला सांगा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच मॅडमचा फोन. अजिंक्यनं जुना प्रोग्राम परत चढवला, सगळं पुन्हा लाल झालंय. उद्यापासून या म्हणाल्या, रोजंदारीवर, अजिंक्यच्या हाताखाली. वर लिहिलेला राग खरा आहे. मी ‘हो मॅडम’ म्हणालो. योगिनीला हे मीच सांगीन.