थेंबही गळता कामा नये

३ जून
आजपासून पंपघर माझ्या ताब्यात. संकल्प: एक थेंबही गळता कामा नये. साहेबांना तसं छातीठोकपणे सांगितलं. मेहुण्याला फिटर म्हणून चिकटवलाय. त्याला वर्षभरात पर्मनंट करून दाखवीन, असा बायकोला शब्द दिलाय.

५ जून
पंपातून शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, बाहेर येतो तिथे नवं मेकॅनिकल सील बसवलं. कंपनीच्या माणसाने समजावलं. दोन गुळगुळीत चकत्या. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागची हलत नाही. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते, म्हणून गळती नाही. मात्र मध्ये पाण्याचा पातळसा पापुद्रा हवाच, नाहीतर घासून जळतात. म्हणून एका बारीक नळीतून त्यांच्यावर सारखं गार पाणी सोडायचं. मला हे ठाऊकच होतं. म्हणजे साधारण.

८ जून
त्या नळीचं पाणी दिवसभर गटारात जातं! बघवेना. मी घरी चूळ भरतानासुद्धा नळ बंद करतो. नळीचा कॉक फिरवला. पूर्ण बंद नाही, जवळजवळ. साहेबांनी पाठ थोपटली.

९ जून, दुपारी
सील जळालं. पंपघरात घोटाभर पाणी. मेहुण्याने धड बसवलं नसणार. पोराच्या हाताला वळण नाही. मोठ्या मनाने माफ केलं.

१५ जून
दुसरं सील. मेहुणा म्हणतो, दाजी, पाया पडतो, कॉकला हात लावू नका. घ्या! नोकरी मी लावली आणि हा मलाच शिकवतोय. तो चहाला गेल्यावर बंद केला.

१६ जून
जळालं. हल्ली मालच भिकार येतो.

१८ जून
कंपनीचा माणूस आला. काळ्या पडलेल्या चकत्या बघून म्हणाला, कोरडं चालवलंय, कॉक कोणी बंद केला? साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने माझ्याकडे. मी घड्याळाकडे. संध्याकाळी त्याची नोकरी गेली. उद्या साहेबांना खरं काय ते सांगायचं. नक्की.

१९ जून
साहेब कामात होते. बायकोला म्हटलं, मी खूप रदबदली केली गं. तिने ताट वाढलं आणि आत निघून गेली. फार वाईट वाटलं. घास उतरेना. तरी जेवलो.

२२ जून, सकाळी
तिसरं सील स्वतः बसवलं. कॉक पूर्ण उघडा. आता बघाच म्हणावं.

संध्याकाळी
काय ते पाणी वाहतंय, अरे देवा. थोडासाच बंद केला.

२३ जून
जळालं. साहेबांनी विचारलं, आज कोण? मी मागे वळून पाहिलं. पंपघरात मी एकटाच होतो.