पडद्यामागची भिंत

बाबा, दुपारचं जेवण झालं की तुम्ही ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून ब्लेडने पेन्सिली तासायचात. मी भांडी विसळत असायचे, आणि खिडकीतला एसी इतका घरघरायचा की बोलायची गरजच पडत नसे. आई नाशिकला होती, दादाच्या आर्किटेक्चरच्या प्रवेशाच्या धावपळीत. मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून दहावीची परीक्षा देऊन सुट्टीपुरती दोह्याला तुमच्याकडे आले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, जुनी घरं भराभर पाडली जात होती. त्यातलं एक दगडी घर राखायचं ठरलं, आणि त्याचे नकाशे काढायचं काम तुमच्या ऑफिसकडे, म्हणजे तुमच्यावर आलं.

पुरुषांचं अंगण आणि बैठक तुम्ही दोन दिवसांत मोजलीत. आतला भाग बायकांचा, तिथे परक्या पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. घरातली म्हातारी नवऱ्याच्या मोत्यांच्या व्यापारापायी मुंबईत राहून आलेली, हिंदी बोलायची. ती दारातच तुम्हाला म्हणाली, "बाप बाहर बैठेगा, बेटी अंदर आएगी. खलास." तुम्ही टेप आणि वही माझ्या हातात दिलीत. ती टेपचं एक टोक धरायची, मी दुसरं, आणि ती माझी चेष्टा करायची, की शादी से पहले दूल्हे को भी ऐसे ही नापना. पाच दिवस मी त्या घरात होते. समुद्रातून काढलेल्या दगडाच्या जाड भिंती, त्यांवर जिप्समचा पांढरा गिलावा, माथ्यावर आफ्रिकेतून जहाजाने आलेल्या लाकडी वाशांचं छत. सगळ्या खोल्या लांबीला वेगवेगळ्या, पण रुंदीला सारख्या. का, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं: वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद. मी धावत बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे जसं पाहिलंत, तसं पुन्हा कधी पाहिलं नाहीत.

आठवड्याने नकाशे शाईने पक्के झाले. आतल्या भागाच्या नकाशाच्या कोपऱ्यात, मोजणी कोणी केली त्या जागी, दादाचं नाव होतं. दादाने कतार तोवर पाहिलंही नव्हतं. मी विचारलं, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्याला कॉलेजात दाखवायला उपयोगी पडेल. तुझं काय, लग्न झालं की नाव बदलणारच." आवाजात राग नव्हता. हवापाण्याविषयी बोलावं तसं बोललात. ज्या खोल्यांत दादाला कुणी शिरू दिलं नसतं, त्या त्याने मोजल्या, असं तिथे लिहिलं होतं. तुमच्या ऑफिसात सगळ्यांना ती रीत माहीत होती. एकानेही विचारलं नाही. दादा आर्किटेक्ट झाला. मी बीए झाले.

दुसऱ्या दिवशी एका जिन्याचं माप राहून गेल्याचं लक्षात आलं म्हणून तुम्ही मला पुन्हा आत पाठवलंत. मोठ्या खोलीत पुरुषांच्या अंगणाकडच्या भिंतीवर एक पडदा होता. पडदा आहे म्हणजे मागे खिडकी, असं धरून मी वहीत तिथे खिडकी मांडली होती. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही ही सिस्टरांची शिस्त, म्हणून तो उचलून पाहिला नव्हता. त्या दिवशी म्हातारीने मला खजूर द्यायला तोच पडदा सारला. मागे कोनाडा होता, त्यात डबे आणि गाद्या, आणि पाठीला अख्खी भिंत. असणारच. बायकांच्या खोलीतून पुरुषांच्या अंगणात उघडणारी खिडकी त्या घरात कोण ठेवील? मी खजूर खाल्ला, जिना मोजला आणि बाहेर आले. "झालं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "झालं."

आता मी दोह्यातच, अल थुमामाला लेकीकडे आले आहे. परवा नातीने ते घर दाखवायला नेलं. म्हातारी गेल्यावर घर कित्येक वर्षं बंद पडून होतं. मग डागडुजी झाली, ती त्याच नकाशांवरून. भिंत फोडून तिथे खिडकी केली आहे, सुंदर सागवानी चौकट, पलीकडे पुरुषांचं अंगण. लोक रांगेने फोटो काढत होते. गाइड सांगत होता, की इथे बसून घरच्या बायका पाहुणे न्याहाळायच्या. नातीला ते फार आवडलं, म्हणाली, हाउ स्वीट, आजी. शेजारी काचेखाली नकाशा, त्यावर दादाचं नाव. चूक माझी आहे हे सांगायचं, तर मोजणीही माझी होती हे सांगावं लागेल. मग दादा खोटा ठरतो, आणि बाबा, तुम्हीसुद्धा.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा लहान होते, घाबरले होते. तसं नव्हतं. तुमची चूक व्हावी, अशी माझी इच्छा होती.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही. माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते वेगळ्या कागदावर लिहून लेकीच्या कपाटात ठेवते आहे. आईच्या पाटल्या लेकीला. तुमची कंपासपेटी दादाला, त्याने ती कधी मागितली नाही तरी. मोजणीची वही नातीला, आणि तिने ती त्या घराच्या ऑफिसात नेऊन द्यावी, तो पडदा कुठे होता त्या पानावर खूण करून. 'दादा असेपर्यंत देऊ नये' अशी एक ओळ खाली लिहिली होती. ती आत्ता खोडली.