अंबाड्यापर्यंत हात

आई, तू जिला कधी पाहिलं नाहीस त्या तुझ्या सुनेचा उजवा खांदा आखडला होता, हे तुला सांगायचंच राहिलं. हात कानापर्यंतसुद्धा जाईना. थंडीभर तिची वेणी मीच घातली, मयूर विहारच्या बाल्कनीत, उन्हाला बसवून. तिन्ही पेड सारखे आले नाहीत की मी सोडून पुन्हा घालायचो. ती वैतागायची, "अहो, वेणी आहे, एक्स्पोर्टचा माल नाही. कुणी परत पाठवणार नाहीये." तिला खरा हवा असायचा तो अंबाडा, स्वतःच्या हातानं घातलेला.

मला आठवत राहिलं आपल्या सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. मी बेतून शिवलेला पहिला शर्ट घालून उभा आहे. बाही जोडतात तो मुंढा चांगला ऐसपैस ठेवलाय, हात मोकळा राहावा म्हणून. तू पोळी लाटता लाटता म्हणतेस, "वरचा पोह्यांचा डबा काढ." मी हात वर करतो आणि अख्खा शर्ट पँटमधून बाहेर. "वा! पोट दाखवायला शिवलायस?" मग पिठाचाच तळवा माझ्या खांद्याच्या पात्यावर ठेवून म्हणालीस, "आता हळूहळू वर ने. कळलं? हात एकटा जात नाही, हे पातंही फिरतं त्याच्याबरोबर. मुंढा बगलेशी घे. जितका सांध्याजवळ, तितका हात मोकळा." बसनं ऑफिसला जाणाऱ्या बायकांचे ब्लाउज शिवायचीस तू. प्रत्येकीला "चलो जी, बस का डंडा पकड़िए" म्हणत हात वर करायला लावायचीस आणि पाठीवर असाच तळवा ठेवायचीस.

पुढचं सगळं माझं मी शिकलो, हे आजही ठणकावून सांगतो. जुने कोट उसवून, शरीररचनेची जाड पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचून. मांडीचा सांधा खोल वाटीत बसतो म्हणून भार पेलतो. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. नोएडाच्या कपड्यांच्या फॅक्टरीत मला मास्टरजी म्हणतात ते उगाच नाही. पण हिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा पुस्तक नाही आठवलं. हाडाचा गोळा खोबणीत अडकलेला आणि पातं बिचारं पहिल्यापासून एकटंच वर चढत होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "अंकल, व्यायाम करताना पातं दाबून धरा." कुठे, ते तिला दाखवावं लागलं नाही.

आज सकाळी माझ्या तळव्याखाली ते पातं घाई न करता, हाताच्या चालीनं फिरलं. तिचा हात डोक्यामागे गेला. तोंडात आकडे धरून ती म्हणाली, "सोडा आता. जमतंय मला." अंबाडा जरा कलता आला, पण तिचा होता. फार बरं वाटलं, आई. तुझा पिठाचा तळवा माझ्या पाठीवर पडला नसता तर एवढं वाचूनही मी चाचपडतच राहिलो असतो.

हा कागद तुझ्या कात्रीच्या डब्यात ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार? एक मात्र तिला बोललो नाही. ती आत गेल्यावर कंगवा हातात घेऊन मी बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. तिन्ही पेड आता कुठे सारखे यायला लागले होते.