टाकीतला नारू

२६ डिसेंबर १९९३
मासे व्याले! — असं आत्याबाई म्हणतात. चहा टाकायच्या आधीच मला ओढत टाकीपाशी नेलं. काचेलगत पांढरे ठिपके, खसखशीएवढे, आणि टुणटुण उड्या मारतायत. "पिल्लं हायेत, सत्यभामे! लेकुरवाळी झाली की तुझी मासळी." मी म्हटलं, माशाच्या पिल्लाला शेपूट असतं. "उगवंल की!" म्हणाल्या आणि कणकेच्या गोळ्या करायला बसल्या.

सासूशी वाद घालायचा नाही, हे मी लग्नानंतर आठवड्यातच शिकले.

यांच्या कारखान्यातल्या साहेबांची पुण्याला बदली झाली, तेव्हा ही टाकी आणि दोन सोनेरी मासे आमच्या गळ्यात पडले. बजाजनगरातली एक खोली — त्यात स्टोव्ह, पलंग, शिलाई मशीन, आम्ही तिघं आणि टाकी. हे म्हणतात, घरात सगळ्यात ऐसपैस मासेच राहतात.

२८ डिसेंबर
अस्तराचं कापड घ्यायला शहागंजला गेले, तिथं मासेवाल्या चाचांना विचारलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "पिल्ले नक्को बोलो बाई! ये मछली अंडे देती. ये तो पानी के कीडे हैं. बाहर का कुछ डाले क्या?" मी ठणकावून सांगितलं, काही नाही! आणि रिक्षात बसल्यावर आठवलं — आत्याबाईंची बाटली!

गेल्या महिन्यात गावाहून येताना त्यांनी बाटलीभर पाणी आणि शेवाळाचा एक झुपका आणला होता. माशांना खेळायला म्हणून ओतला टाकीत. घरी येऊन विचारलं, पाणी कुठलं होतं? "बारवंचं." गावातल्या पायऱ्यांच्या विहिरीचं. इतक्या तोऱ्यात कुणी गंगेचं पाणीही सांगत नसेल! "पार खालच्या पायरीवर गेले. पाय सोडून बसले घटकाभर. कुनी हटकलं नाय."

त्यांच्या लहानपणी त्या बारवेच्या पहिल्या पायरीवरही आपल्या माणसांना पाय ठेवता येत नव्हता. मग किडे तर किडे. राहू देत.

३० डिसेंबर
यांनी कारखान्यातून माल तपासायचं भिंग आणलं. एक ठिपका बशीत घेतला. बाई गं! पेरूच्या बीसारखं अंग, मागं दोन लोंबत्या पिशव्या, आणि डोक्यावर डोळा — एकच! "आमचा सुपरवायझर," हे म्हणाले. हसून हसून मला उचकी लागली.

पण हे ध्यान मी कुठंतरी पाहिलंय. कुठं?

१ जानेवारी १९९४
आठवलं! सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर. नारूचं जुनं चित्र — हा एकडोळ्या पाण्यातून पोटात जातो, त्याच्या आत नारूचं पिल्लू, आणि वर्षानं ते माणसाच्या पायातून लांबलचक दोऱ्यासारखं बाहेर पडतं. खाली लिहिलेलं — पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या.

आणि माझी जीभ! हे सगळं मी आवडाबाईंसमोर बोलले.

आवडाबाई म्हणजे घरमालकीण, खाली राहतात. खोली मिळाली तीच आडनावावर. "खरात? आमीबी खरातच की! भावकीच निघाली." त्या धनगरांतल्या खरात. आम्ही बौद्ध खरात. यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, नुसते हसले. त्या एका हसण्यावर वर्षभर इथं राहतोय. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत आहे, माझ्या साड्यांखाली. साडी काढताना रोज लाज वाटते. हे म्हणतात, विद्यापीठाच्या नामांतराचं एकदाचं मिटू दे, मग लावू.

तर — नारू म्हणताच आवडाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि लुगडं घोट्यावर केलं. हाडाजवळ खोल जुना वण. "ल्हानपनी निघाला. काडीला गुंडाळून रोज इत्ता इत्ता वढायचे. बारवंचं पानी, दुसरं काय! संक्रांतीच्या आत टाकी बाहेर काढा. नायतर तुमी निघा."

आत्याबाई दिवसभर टाकीपुढून हलल्या नाहीत. "शेवाळ तरी ठिवू दे," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

५ जानेवारी
जिंकलो! आणि हरलोही.

जिंकलो असं — किडे बाटलीत भरून दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, "किडा तोच, पण नारूचा रोगी पाण्यात उतरला तरच याच्यात नारू शिरतो. आता रोगी कुठं राहिलेत? मासे खातील, खाऊ द्या." मी जवळजवळ नाचतच घरी आले. आवडाबाईंना वर बोलावलं, चहा ठेवला, सगळं समजावलं. त्यांना पटेना. "बारवंचं पानी त्ये बारवंचं पानी."

तशा आत्याबाई पुढं सरसावल्या. "काय नारू नारू लावलंय! आमच्या वस्तीत एकालाबी झाला नाय कधी."

"आसं कसं व्हईल? समदा गाव एकच बारव पीत आसंल ना?"

"आमाला कुठं उतरू द्यायचे बारवंत? आमी वढ्याच्या वाळूत झिरा उकरायचो, वाटी वाटी पानी भरायचो. वाळूतनं आपसूक गाळून यायचं. समद्या गावाचे पाय सडले, आमचे ठणठणीत!" आणि मांडीवर थाप मारून हसायला लागल्या.

त्यांच्याशिवाय कुणी हसलं नाही. आवडाबाई उठल्या आणि गेल्या. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

६ जानेवारी
हे म्हणतात, दुसरी खोली बघायला लागेल. आत्याबाई म्हणतात, "म्या काय खोटं बोलले?" नाहीच बोलल्या! मला राग त्यांचा नाही, यांच्या खोली घेतानाच्या त्या हसण्याचा आला. सांगितलंही तोंडावर. जेवताना हे म्हणाले, "बघ ना, त्यांनी पाणी दिलं नाही म्हणून आपण वाचलो." मग दोघंही इतके हसलो की आमटी सांडली.

९ जानेवारी
आवडाबाई जिन्यात दिसल्या. मान फिरवली. ठिपके कमी झालेत, मासे फुगलेत. खोली कुठं मिळेना. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न — "कोणते खरात?" आता हे सरळ सांगतात. सांगितलं की खोली "कालच गेली" असते.

१४ जानेवारी
झालं! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. "सोळा वर्सं!" आत्याबाई म्हणाल्या, रडल्या, आणि डोळे पुसून शिरा करायला बसल्या. बाहेर वातावरण तंग. हे म्हणाले, गाजावाजा नको. मी कुणाला विचारलं नाही. ट्रंक उघडली, तसबीर काढली, टाकीच्या वर भिंतीत खिळा ठोकला. हे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "तिरपा गेला." आणि काढून सरळ ठोकला. मग दारही उघडं ठेवलं, सताड.

आज संक्रांत. गेल्या वर्षी आवडाबाईंनी सगळ्यात आधी आम्हाला तिळगूळ दिला होता. आज खालचं दार वाजलं नाही. संध्याकाळपर्यंत कान तिकडंच होता माझा. कशाला खोटं लिहू?

१५ जानेवारी
टाकीत एकही ठिपका नाही. माशांनी सगळे फस्त केले.

दुपारी आवडाबाई दारात. तसबिरीकडं पाहिलं, मग टाकीतल्या शेवाळाकडं. "जिना चढून घसा वाळला. पानी द्या की," म्हणाल्या.

आत्याबाईंनी माठातून पेला भरला. देताना हात मध्येच थांबवला, चेहरा साळसूद. "गाळून दिऊ?"

"भावकीत कुनी पानी गाळून देतं व्हय?"