कार्डवाल्यांची रांग

टॅनर्स लिक, केंटकी
१६ एप्रिल

प्रिय ऱ्होडा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, याचाच आनंद आहे. तू आणि वेस्ली सुखरूप असाल. मी बरी आहे. पुढचं सगळं वाचून झाल्यावरही मी बरीच आहे हे लक्षात ठेव, म्हणजे मधेच घाबरायला नको.

इकडे उशिरा थंडी पडली, पण मटार वाचले. चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय आणि पाद्री पुन्हा वर्गणी मागतायत. आईच्या परसातलं सफरचंदाचं झाड यंदा फुललंय, मी तर ते मेलं असं धरून चालले होते. तुझी आठवण येते, असं लिहिणार होते. येते.

मी सव्वीस वर्षं ज्या औषधाच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहिले, ते दोन वर्षांपूर्वी बंद झालं. नोकरी गेली, तिच्याबरोबर विमाही गेला. म्हातारपणाचा सरकारी विमा मिळायला मला अजून दोन वर्षं आहेत. तोवर मी कार्डावर आहे. हो, तेच कार्ड. गरिबांना सरकारी इलाजासाठी मिळतं ते. हसून घे, मी थांबते.

डिसेंबरात नव्या बुटाने डाव्या अंगठ्याखाली फोड आला. तो भरेना. मला मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या म्हणून मी एक दिवसाआड घेत होते. बाबांच्या पायाचं दुखणं कशाने सुरू झालं आणि पाय गुडघ्यापर्यंत कसा कापावा लागला, ते आपण दोघींनी पाहिलंय. रोज सकाळी मोजा काढताना मला बाबाच दिसायचे.

आपले जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेले कार्ड घेत नाहीत. मग कार्डाच्या कचेरीतून आलेली यादी घेऊन फोनपाशी बसले. पहिले डॉक्टर वारलेले निघाले. त्यांच्या मयतीला मीच घेवड्याचं पातेलं नेलं होतं, पण कचेरीला ते कोण कळवणार! दुसरा नंबर गोंदवून देणाऱ्या दुकानात लागला. तिथला माणूस फार प्रेमाने बोलला. तिसरीकडच्या बाईने कार्डाचं नाव काढताच फोन ठेवला. असे अकरा फोन झाले. बाराव्याला डोंगरापलीकडच्या हॅडली गावातला दवाखाना लागला. तिथे ज्यूना स्टॅम्पर नावाची फिजिशियन असिस्टंट आहे. म्हणजे डॉक्टर नव्हे, पण तपासते, औषध लिहून देते, आणि कार्ड घेते.

फोनवरच्या मुलीने विचारलं, “येणार कुठून तुम्ही?”

“टॅनर्स लिकहून.”

“अहो, मग तुम्हाला इतक्या लांब कशाला...”

“गुरुवारी येते,” म्हणाले आणि फोन ठेवला.

चाळीस मैल, सगळा घाट. गाडी मी दवाखान्यासमोर लावली नाही. आपल्याकडे माणूस कुठे आहे हे त्याच्या गाडीवरून कळतं, तुला माहीतच आहे. म्हणून पलीकडच्या खताच्या दुकानामागे नेली. तर तिथे व्हर्जिल नेपियरचा निळा ट्रक उभा! त्याच्या शेजारी चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या नीवाची पांढरी गाडी. आणि आणखी दोन गाड्या, दोन्ही आपल्याच खोऱ्यातल्या.

आत गेले, तर कोपऱ्यात नीवा आणि तिच्या शेजारी व्हर्जिल टोपी नाकापर्यंत ओढून बसलेला. हा तोच, ‘कार्डवाल्यांना काम द्या, आपोआप बरे होतील’ असं गावभर सांगत फिरणारा.

“व्हर्जिल, तू इथे कसा?”

“मी? खत न्यायला आलो होतो.”

“दवाखान्यात?”

“आणि तू गं?”

“मीही खतालाच.”

आधी नीवाला हसू फुटलं. मग व्हर्जिलला. मग मला इतकं आलं की डोळे पुसावे लागले. गेल्या कित्येक महिन्यांत मी तशी हसले नव्हते.

ज्यूना तिशीची असेल. ती सरळ जमिनीवर बसली आणि माझा मोजा तिनेच काढला.

“कधीपासून आहे हे?”

“झाले थोडे दिवस.”

“डेल्फाबाई, तुमचा पाय काही वेगळंच सांगतोय.”

“डिसेंबर.”

ती रागावली नाही. तिने जखम साफ केली, गोळ्या लिहून दिल्या. “अजून महिनाभर थांबला असतात, तर मी पट्टी बांधली नसती, तुम्हाला ऑपरेशनलाच पाठवलं असतं. आता दर आठवड्याला पट्टी बदलायची. राहता कुठे?”

सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली.

“टॅनर्स लिक? दर मंगळवारी मी तुमच्याच गावात असते! आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये, नऊ ते तीन. चार महिने झाले. कॉफी पिते, खिडकीतून रस्ता बघते आणि परत येते. एक माणूस फिरकत नाही. मला वाटलं, तुमचं गाव भलतंच ठणठणीत आहे!” भिंतीपलीकडून व्हर्जिलचं खोकणं ऐकू आलं. “या महिन्यात कोणी आलं नाही, तर वरचे लोक माझं मंगळवारचं येणं बंद करणार आहेत.”

ऱ्होडा, हॉलच्या दारावरची पाटी मी पाहिली होती. ‘मंगळवारी दवाखाना. कार्ड चालेल.’ पोस्टात जाता-येता रोज दिसायची. पण ते दार चौकावर उघडतं आणि सगळं गाव तिथून जातं. म्हणून त्या दारात पाय ठेवण्यापेक्षा मी मेलेल्या डॉक्टरांना फोन करत बसले. पाय गेला असता तरी चाललं असतं मला, पण कोणी बघायला नको होतं.

आणि कोणी बघितलं की काय होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? वेस्ली पाच वर्षांचा होता. त्याची छाती भरली होती, शिट्टी वाजल्यासारखा श्वास येत होता आणि तू त्याच्या पंपासाठी दुकानात आलीस. शनिवार होता, दुकान भरलेलं. तू कार्ड पुढे केलंस आणि मी ते सगळ्यांना दिसेल असं वर धरून म्हणाले, “कार्डवाल्यांची रांग तिकडे.”

तिकडे रांग नव्हतीच. कधीच नव्हती. ती मी त्या दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीसाठी काढली. तू पोराला उचलून त्या रिकाम्या भिंतीशी जाऊन उभी राहिलीस आणि मी आधी बाकीची चार गिऱ्हाइकं केली. त्याच उन्हाळ्यात तू ओहायोला गेलीस. ‘मोठ्या शहराची हौस,’ असं मी एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत आले.

माझं चुकलं. मला लाज वाटते. हे तेव्हाच तुझ्या दारात येऊन म्हणायला हवं होतं.

परवा मंगळवारी गाडी हॉलच्या ऐन दारात लावली आणि खिडकीपाशी पहिल्या खुर्चीवर बसले. पायाला पांढरी पट्टी, सगळ्या चौकाला दिसेल अशी. दहाच्या सुमारास नीवा आली. मग व्हर्जिल रस्त्यापलीकडे घुटमळताना दिसला. खत घ्यायला बहुतेक! मी दार उघडून, दुकानात काढायचे तोच आवाज काढला, “कार्डवाल्यांनी इकडे यायचं, माझ्या शेजारी!” तीन वाजेपर्यंत नऊ जण झाले. ज्यूनाला कॉफी प्यायला वेळ मिळाला नाही. जखमेची कड गुलाबी झालीय म्हणाली, म्हणजे भरतेय.

मेच्या शेवटच्या रविवारी आपल्या माणसांच्या कबरी सजवायच्या आहेत. दरवर्षी आईच्या उशाशी मी फुलं ठेवते आणि बाबांच्या उशाशी तुझी म्हणून थोडी जागा सोडते. यंदा तू आणि वेस्ली याल का? नाही आलात, तरी मी समजेन. वेस्लीचा श्वास आता कसा आहे, तेवढं मात्र कळव.

त्याच रांगेत, तुझ्या मागे उभी असलेली
तुझी थोरली,
डेल्फा